हिला जरा फिरवून आणतो

मुलीचा फोन आला आणि मी "बरं" म्हणालो. चूक झाली ती एवढीच. गोदामात ढकलगाडी ढकलून म्हातारा झालेला माणूस मी. मुकादम काहीही म्हणाला की बरं म्हणायची जिभेला सवय. मुलगी सांगत होती, "बाबा, आईसाठी बॅटरीवरची खुर्ची बघितलीय. दुकानवाला आठवडाभर वापरून बघायला देतो. जमली तर ठेवायची, नाहीतर तो परत नेईल." मी मनात म्हटलं, जमते कसली. म्हणून बरं म्हणालो.

हिचे पाय पाठीच्या ऑपरेशननंतर गेले ते गेलेच. तेव्हापासून हिची खुर्ची मी ढकलतो. रोज ऊन उतरलं की निघायचं, चौकापर्यंत जायचं, परत यायचं. वाटेत सलूनवाला कंगवा हातात घेऊन दारात येतो.

"काय काका, निघाली स्वारी?"

"हो, हिला जरा फिरवून आणतो."

"धन्य आहात काका तुम्ही!"

मग मी मान खाली घालायची. (मान खाली घातली की माणूस आणखी मोठा दिसतो, हे मला फार उशिरा कळलं.) आता तुम्हीच बघा. गोदामात जन्मभर पोती ढकलली, एकानं कधी धन्य म्हटलं नाही. बायको ढकलली आणि रस्ताभर नाव झालं. आणि ते नाव आता एक बॅटरी खाऊन टाकणार होती.

दुकानवाला खुर्ची घेऊन आला. काळी, जाडजूड, खाली बॅटरीचं खोकं. उजव्या हाताशी अंगठ्याएवढा एक दांडा. दांड्याशेजारी वेग कमीजास्त करायची चकती. तिच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं.

"आजी, सुरुवातीला कासवावरच ठेवा," तो म्हणाला. हिनं सशाकडे असं बघितलं, की मला तेव्हाच धडकी भरली.

मग तो माझ्याकडे वळला. "आजोबा, सगळीकडे चालवून बघा. दारातून, स्वयंपाकघरात, उतारावर. कुठे अडते ते लक्षात ठेवा. मी आठवड्यानं येतो."

कुठे अडते ते बघायचं! मला हेच काम हवं होतं. (पगार नव्हता, पण इतकं मन लावून मी गोदामातही काम केलं नाही.)

"ही काही आतल्या दारातून जायची नाही," मी वीत लावून सांगून टाकलं.

हिनं दांडा पुढे केला. सुईखालून कापड सरकवावं तशी खुर्ची दोन्हीकडे बोटभर जागा सोडून आत गेली. ही इतकी वर्षं शिवणाचं मशीन चालवायची, हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. आत जाऊन ही गर्रकन वळली आणि चौकटीकडे बघत राहिली. चौकटीला दोन्ही बाजूंनी खोल ओरखडे.

"अहो, हे कुणी केलं?"

"लाकूड फुगतं पावसाळ्यात," मी म्हणालो.

"आणि आपणहून खुर्चीवर येऊन आपटतं?"

मी म्हटलं, स्वयंपाकघरात नक्की अडेल. अडली नाही. ही ओट्याशी जाऊन एकेक डबा खाली घेऊन उघडायला लागली. डब्यांच्या मागे बिस्किटांचा पुडा निघाला.

"बिस्किटं संपली म्हणालात ना?"

"उंदरांच्या भीतीनं मागे ठेवलाय."

"उंदीर फार शहाणा आहे. पुड्याला रबर लावून ठेवतो."

आता राहिली बाल्कनी. बाल्कनीचा उंबरठा जुन्या खुर्चीला चढता येत नसे. तिथे हिच्या कुंड्या. त्यांची खबरबात मी रोज खोलीत आणून द्यायचो. आज मोगरा बहरलाय, उद्या गुलाबाला कळी येईल, वगैरे. ही खुर्ची उंबरठ्यापाशी आली, जरा घुरघुरली आणि चढून गेली.

बाल्कनीत सगळ्या कुंड्यांत काटक्या उभ्या होत्या.

हिनं एकेक कुंडी निरखून बघितली. मग म्हणाली, "काल कळी आली होती ती कुठली?"

"गळली असेल."

हिनं गुलाबाची काटकी चिमटीत धरली. कट्ट करून मोडली.

"मला बरं वाटावं म्हणून सांगायचात, की पाणी घालायचा कंटाळा यायचा?"

"दोन्ही," मी म्हणालो. (खोटं सुचेना.)

"बादली भरून आणा." आणि माझ्यादेखत त्या मेलेल्या कुंड्यांना ही एकेक तांब्या पाणी घालत राहिली. चिडली असती तर बरं झालं असतं. मी रिकामी बादली धरून उभा होतो, कारण जा म्हणून कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही रस्त्यावर निघालो. म्हणजे ही निघाली. मी सवयीनं मागे गेलो, हात पुढे केले, तर धरायला काहीच नाही! जुन्या खुर्चीला मागे दोन मुठी होत्या. ह्या नवीच्या पाठीला नुसती गुळगुळीत गादी. माझे हात हवेतच राहिले. खाली सोडले तर ते माझे वाटेनात. शेवटी मी एक युक्ती काढली. बाजाराच्या पिशवीचे बंद हिच्या खुर्चीच्या पाठीला घट्ट बांधले आणि पिशवी दोन्ही हातांनी धरून चालू लागलो. लांबून बघणाऱ्याला मीच ढकलतोय असं वाटावं.

तेवढ्यात ही म्हणाली, "अहो, ससा लावून बघू का जरा?"

मी सवयीनं म्हणालो, "बरं."

पुढचं मला नीट आठवत नाही. पिशवी पुढे, तिच्यामागे माझे हात, हातांच्या बऱ्याच मागे माझे पाय. मग बंद तुटले. खुर्ची भुर्रकन गेली आणि मी रस्त्यात पिशवी मांडीवर घेऊन बसलेला. उठायला गेलो तर उठता येईना. लागलं फारसं नव्हतं, पण धरायला काही नव्हतं. सलूनवाला गावाला गेला होता म्हणून सलून बंद, नाहीतर मी तिथेच लाजेनं मेलो असतो.

शेवटी एका रद्दीवाल्यानं हातगाडी थांबवली. "आजोबा, इथे का बसलात?"

"सहज," मी म्हणालो.

"रोज तर खुर्चीला धरून चालता. आज मोकळे कसे निघालात?"

"धरून? अरे, मी ढकलतो ती!"

"बरं बरं," तो म्हणाला, आणि त्यानं मला काखेत हात घालून उचललं आणि हातगाडीवर जुन्या पुठ्ठ्यांवर बसवलं. माझ्या एका बाजूला मोडका पंखा, दुसऱ्या बाजूला फुटक्या बादल्या. जन्मभर गाडी ढकलली. गाडीवर बसायचा मान हा पहिलाच. समोरून ही परत येत होती. मला त्या ढिगात बघून हिनं खुर्ची थांबवली, आणि पहिल्यांदा कासव लावलं. घरापर्यंत हातगाडीच्या बरोबरीनं चालली. मोठमोठ्यानं हसली असती तरी चाललं असतं. ही पदर तोंडाला लावून हसत होती.

घरी आल्यावर मी म्हणालो, "रद्दीवाला काय म्हणतो बघ. म्हणे मी तुझ्या खुर्चीला धरून चालायचो."

ही खुर्ची चार्जिंगला लावायला लागली.

"अगं, खोटं बोलतोय ना तो?"

"चढावर तुम्ही लोंबकळायचात मुठींना. माझी मान अवघडायची मागच्या ओझ्यानं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही घरात बसला असतात," ही म्हणाली. "आणि मग मीही."

बिस्किटाचा पुडा समोरच होता. हिनं रबर काढून तो माझ्याकडे सरकवला.

आठवडा संपला, दुकानवाला आला. माझी तयारी होती. एका दमात सगळं सांगितलं: चार्जिंगला वेळ लागतो, हॉर्न कर्कश आहे, वळताना फार ऐटीत वळते, आणि मुख्य म्हणजे मागे मुठी नाहीत.

"मुठी कशाला, आजोबा? कुणी ढकलायची नसतेच ही. तोच तर फायदा आहे."

फायदा!

"ठेवून घेतेय मी," ही म्हणाली.

"मग जुनी खुर्ची द्या, बदल्यात किंमत कमी करतो." त्यानं जुनीच्या मुठीला हात घातला.

"ती नाही द्यायची."

इतक्या वर्षांची आमची सोबत! म्हटलं, बाई आतून हळवी आहे. दुकानवाला गेल्यावर म्हणालो, "आठवण म्हणून ठेवलीस ना?"

"आठवण कसली?" ही म्हणाली. "तुम्ही पुन्हा पडलात तर मी का उठून उचलणार आहे?"

त्या दिवसापासून संध्याकाळी आमची दोन खुर्च्यांची मिरवणूक निघते. पुढे ही, कासव आणि सशाच्या मधोमध. मागे मी, रिकामी खुर्ची ढकलत.

गेल्या आठवड्यात सलूनवाला गावाहून परतला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. ही तोवर चौकाच्या वळणाआड गेली होती. त्यानं मला बघितलं, रिकामी खुर्ची बघितली, आणि हातातला कंगवा हळूच खिशात घातला. आतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी उठून दारात आलं.

"काका," तो जड आवाजात म्हणाला, "मला कुणी कळवलंसुद्धा नाही हो."

"अचानकच ठरलं," मी म्हणालो. मला वाटलं, नव्या खुर्चीबद्दल बोलतोय.

"त्रास नाही ना झाला त्यांना?"

"छे. उलट आता मोकळी झालीय. त्रास सगळा मला."

त्यानं डोळे पुसले. "तरी तुम्ही त्यांची खुर्ची घेऊन निघता रोज. काय म्हणावं!" आणि तो मला मिठी मारणार, एवढ्यात वळणावरून कर्कश हॉर्न वाजला. ही मांडीवर भाजी घेऊन परत आली होती. सलूनवाल्याचा चेहरा पांढरा पडला. गिऱ्हाईक साबणासकट आत पळालं.

"काय रे, असा काय बघतोस?" ही त्याला म्हणाली. भाजीची पिशवी माझ्या रिकाम्या खुर्चीत टाकली आणि दांडा पुढे केला. "काही नाही, ह्यांना जरा फिरवून आणते."

सलूनवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मुठींना धरलेल्या माझ्या हातांकडे बघितलं. मग हिला हात जोडून म्हणाला,

"धन्य आहात काकू तुम्ही!"

आणि हिनं मान खाली घातली.