मास्तरांच्या कॉलरीत निघालेल्या कौलनाम्याची हकीकत

वाचणारे सुज्ञ, ऐकणारे मातब्बर, या उभयतांचे सेवेसी रुजू करावयाची हकीकत ऐसी जे, गल्लीच्या वळणावर शिवणकामाचे दुकान, लांबी दहा फूट, रुंदी सात, तेथील खासे स्वामी, कात्रीबहाद्दर, टेपधारी, तमाम गल्लीच्या कंबरांचे जाणते, मास्तर, यांजवर तीन क्रेडिट कार्डांची फौज चालोन आली, आणि मास्तर कैसे जेर जाहले, आणि मग कैसे उभे राहिले, ते येथे लिहिले असे. पदरचे काही घातले नाही. जे घातले ते शोभेपुरते.

लढाईचे मूळ काजे करावयाचे मशीन. ते मास्तरांनी पहिल्या कार्डावर आणिले, आणि दरमहा किमान रक्कम भरोन निश्चिंत जाहले, आणि व्याज मागल्या दाराने आत आले ते कळले नाही. मग पहिल्याचा भरणा दुसऱ्या कार्डातून केला, आणि दुसऱ्याचा तिसऱ्यातून, ऐसे तीन किल्ले एकमेकांच्या रसदेवर उभे केले, आणि रसद कोणापाशीच नव्हती.

आता मास्तरांची चूक सांगतो, जी शिंप्यावाचून दुसरा करणार नाही. मास्तरांचा जन्माचा दस्तूर ऐसा की, गिऱ्हाईक आले तर परवा या म्हणावे, आणि परवा आले तर पुन्हा परवा सांगावे. गिऱ्हाईक चार शब्द सुनावी, परंतु कापड कपाटात होते तेवढेच राही. हाच दस्तूर मास्तरांनी वसुलीच्या फोनवाल्यांस लाविला. परंतु कर्ज म्हणजे कापड नव्हे. ते घडीत पडल्या पडल्या वाढो लागले, आणि रोजचे चौदा फोन येऊ लागले, आणि मास्तरांनी फोन बटणांच्या डब्यात घालून वर अस्तराचा तुकडा दाबिला. त्यात गिऱ्हाइकांचेही फोन दबले, आणि कामे पलीकडच्या दुकानी गेली.

कार्डवाल्यांचे खलिते येत, तेही मास्तर वाचीत नसत. परंतु कागद जाड आणि चांगला. तेव्हा लिफाफा फोडावा, छापील अंग खाली घालावे, आणि कोऱ्या अंगावर कॉलर किंवा कफ आखून कापावा, ऐसी तजवीज केली. त्या सालात मास्तरांपाशी कॉलरींचे खाके बेसुमार जाहले.

शेवटी मसलत ठरली ती वाईट ठरली. मास्तरीणबाईंचे पायमशीन, जे त्यांनी लग्नाआधी स्वकमाईने घेतले, आणि ज्यावर चेन बदलून आणि हेम घालून दोन्ही मुलींच्या फिया भरल्या, ते जुन्या मशीनवाल्यास गुपचूप विकावयाचे. वेळ शुक्रवारी दुपारी चार, तेव्हा बाई बहिणीकडे असतील. बाई समोर बसून मशीन चालवीत, आणि मास्तर भिंतीकडे बघत. लाज वाटत होती, आणि भीतीही वाटत होती, आणि दोहोंपैकी एकही बोलून दाखविता येत नव्हती.

बुधवारी मास्तरीणबाईंस शाळेच्या शर्टाकरिता कॉलर पाहिजे जाहली. त्यांनी खाका उचलिला, तो उलटा पडला, आणि त्या उभ्या उभ्या वाचू लागल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही कॉलर काय म्हणतेय ते वाचा जरा."

कॉलर म्हणत होती की, हप्ते थकलेल्यांसाठी सवलत योजना आहे, व्याज थांबविता येते, मोफत सल्ला केंद्रास फोन करावा. फोनचे आठ आकडे एका कफावर सापडले. उरले दोन कातरणांच्या पिशवीत होते. उभयतांनी पिशवी जमिनीवर ओतली, आणि ते दोन आकडे शोधता शोधता मास्तरांनी सर्व कबूल केले, तिन्ही कार्डे, चौदा फोन, आणि शुक्रवारसुद्धा.

मास्तरीणबाईंनी आधी बॉबिन भरून घेतली. मग म्हणाल्या, "मशीन माझं, आणि सौदा तुम्ही केलात. एकदा विचारायचं तरी होतं मला." बाईंनी डब्यातून फोन काढून मशीनवाल्यास मना केले, आणि मग कफावरचा नंबर लाविला.

केंद्र तिसऱ्या मजल्यावर, खुर्च्या प्लास्टिकच्या, पंखा आवाज करणारा. तेथील सल्लागार बाईंनी फी घेतली नाही, उपदेशही केला नाही, कागद पुढे ओढून जमा किती आणि खर्च किती तेवढे पुसले. जन्मभर दुसऱ्यांची मापे घेणारे मास्तर त्या दिवशी प्रथम स्वतःचे माप देत होते, आणि पोट आत ओढावयाची सोय नव्हती. मग सल्लागार बाईंनी फर्माविले की, तिन्ही कार्डांचा मिळून एकच हप्ता बांधू, झेपेल तेवढाच. व्याज थांबवावयास कार्डवाल्यांस आम्ही लिहू. तह जाहल्यावर तगादा करणे तो आम्हांकडे करावा, तुमच्या दारी नाही. मुद्दल मात्र फेडावे लागेल, साडेचार वर्षे लागतील, कार्डे बंद होतील, आणि नवे कर्ज काही काळ कोणी देणार नाही. मास्तर म्हणाले की, नवे कर्ज न मिळणे ही शिक्षा असेल तर ती आधी व्हावयास हवी होती.

दोन कार्डवाल्यांनी दहा दिवसांत रुकार दिधला. तिसरा हट्टास पेटला, आणि अर्ज दोनदा माघारी धाडिला. मास्तरीणबाईंनी वर्षाच्या पावत्या टाचून अर्ज तिसऱ्यांदा पाठविला, आणि मग तोही नरमला. महिन्याअखेरीस तहाचा कौलनामा शिक्क्यानिशी घरी आला. मास्तरांनी तो संपूर्ण वाचिला, दोन्ही अंगांनी, आणि त्यावर काहीएक आखिले नाही.

त्या सायंकाळी कार्डे कापावयाचा समारंभ जाहला. मास्तरांनी मोठी कात्री उचलिली, तो बाई म्हणाल्या, कापडाच्या कात्रीची धार घालवू नका. मग कागदाची बोथट कात्री घेऊन तिन्हींचे तुकडे केले.

इतक्यात फोन वाजला. मास्तरांचा हात सवयीने अस्तराच्या तुकड्याकडे गेला, आणि मागे आला, आणि फोन उचलिला. गिऱ्हाईक होते. पँट कधी मिळेल, म्हणून पुसत होते.

मास्तरांच्या ओठी परवा आला होता. तो त्यांनी गिळिला. म्हणाले, "खरं सांगू का, अजून कापलीच नाही. शुक्रवारी चारला या, देतो."

शुक्रवारी चार वाजता, ज्या वेळी एकदा पायमशीन दाराबाहेर जावयाचे होते, त्या वेळी मास्तरीणबाईंनी त्याच मशीनवर पँटचे शेवटचे हेम घातले, आणि गिऱ्हाइकास पँट इस्त्रीसह मिळाली. गिऱ्हाईक अर्धी घटका दारात उभे राहिले, कारण त्यास खरे वाटेना. ऐसी फत्ते जाहली. हप्ता एक भरला, त्रेपन्न बाकी. हकीकत खरी, म्हणून दप्तरी नोंदिली असे.