दादांचा सांगावा

मी आज जो कोणी आहे, तो वनस्पतिशास्त्राच्या सेलूकर सरांमुळे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. पहिल्याच महिन्यात घाबरून गावी निघालो होतो, तेव्हा सरांनी मला एस. टी. स्टँडवरून परत आणलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण त्यांच्याबरोबर रानात जायचं म्हटलं, की अंगावर काटा यायचा.

सर झाडाची ओळख माणसाला करून देत नसत. माणसाची झाडाला करून देत. जुना मोह किंवा धावडा दिसला, की चपला काढायचे आणि मला पुढं करायचे. "ह्यो रंगनाथ. खुलताबादकडचा. पोरगं भोळं हाय, पण खोटं बोलत नाय."

मग वर बघत राहायचे. वारा नसायचा. तरी वर एखादीच फांदी हलायची आणि सर मान डोलवायचे. "बरं म्हणाले." कोण म्हणालं, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

वर्गात सर पुस्तकी मराठी बोलत. झाडांशी मात्र असं गावाकडचं. "त्यांना शुद्ध कळत नाही," म्हणायचे.

लग्न केलं नव्हतं. मुकुंदवाडीला एका खोलीत राहायचे.

हर्सूलच्या रस्त्याकडेला एक थोरलं कांडोळ होतं. आमच्याकडं याला भुताचं झाड म्हणतात. खोड पांढरंफटक, कातडीसारखं गुळगुळीत. फांद्या फुटतात तिथं काखेसारख्या वळ्या. उन्हाळ्यात एक पान राहत नाही. तिन्हीसांजेला उघडा माणूस हात वर करून उभा आहे असं वाटे. वस्तीतल्या बाया तिकडं न बघता जात. सर त्याला 'दादा' म्हणत.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. शहर मात्र वाढत होतं. रस्ता रुंद करायला मोजणी झाली आणि बांधकाम खात्याच्या साहेबांनी दादांवर गेरूची फुली मारली. वाळलेलं झाड म्हणून.

सर मला घेऊन धावले. "साहेब, जिवंत आहे ते. पाऊस पडला की पालवतं."

"मास्तर, एक पान दाखवा. फुली पुसतो."

"तुम्ही पाऊस दाखवा, मी पान दाखवतो. निदान हात लावून बघा."

साहेबांनी हात लावला. भर उन्हात खोड थंडगार होतं. त्यांनी हात झटकन काढला, रुमालाला पुसला आणि जीपमध्ये बसता बसता मुकादमाला म्हणाले, "हे आधी तोडा."

दादा पडले. बुंध्यातून पांढरा डिंक गळायला लागला तो थांबेना. कुऱ्हाड टाकून एक मजूर म्हणाला, "मेलेलं झाड व्हय हे? लई ओल हाय याच्यात."

दुसऱ्या दिवसापासून ते ओळखीच्या एकेका झाडाकडं जाऊ लागले. माणूस गेल्यावर भावकीत सांगावा धाडतात, तसं. समोर उभं राहून हळूच म्हणायचे, "हर्सूलचे दादा गेले." मग मागं न बघता परतायचं. मला हसू यायचं. आणि मागून कुणीतरी आमच्याकडं बघतंय असंही वाटायचं.

खुलताबादच्या डोंगरातलं एक कांडोळ तेवढं राहिलं. सरांच्या मते तो दादांचा धाकटा भाऊ. पण गुडघे चढू देईनात. "तू गावाकडं जाशील तवा सांग," ते म्हणाले. मग म्हणाले, "रंगनाथ, दादांना भाऊ तरी व्हता. मी गेलो तर सांगावा कुणाकडं धाडायचा, ते ध्यानात येत नाय."

माझ्याशी ते असं गावाकडचं कधी बोलत नसत.

गावाहून मी त्यांना पत्र टाकलं.

"तीर्थस्वरूप सरांस, रंगनाथचा साष्टांग नमस्कार. काल डोंगरावर जाऊन निरोप सांगितला. वारा नव्हता. मला मात्र बराच वेळ तिथून हलवेना. घरी आलो तर आईनं दारातच अडवलं. माझं तोंड बघून म्हणाली, 'कोण गेलं रे?' मी म्हटलं, 'सरांच्या घरचं.' विहीर आटली आहे. घरात एकच घागर पाणी होतं. आईनं ती बाहेर आणून माझ्या डोक्यावर ओतली, मगच आत घेतलं. ती म्हणते, सरांना लिही, आम्हीपण सुतक धरलंय."