पट्टा आत गेला कसा?

"पण तिथं जाऊन आपल्याला मिळणार काय?" राजेश्वरीने तिसऱ्यांदा विचारले, आणि बाळासोने तिसऱ्यांदा चहाचा घोट घेऊन उत्तर टाळले.

शिराळ्याच्या पेठेत बाळासोचे सायकलचे दुकान होते. बावीस वर्षांत त्याच्या हाताखालून तालुक्यातली जवळजवळ प्रत्येक सायकल एकदा तरी गेली असेल. टायर-ट्यूबवाल्या व्यापाऱ्याने त्याला एक पत्रक पाठवले होते: सांगलीला गुरुवार-शुक्रवार सायकल व्यापाऱ्यांचे प्रदर्शन. पत्रकात पुष्कळ काही होते. पण बाळासोची नजर अडकली ती कोपऱ्यातल्या एका फोटोवर. त्या सायकलीला चेन नव्हती. चेनच्या जागी काळा रबरी पट्टा होता.

दुसरा कुणी असता तर त्याने किंमत बघितली असती. बाळासो चार दिवस पट्टाच बघत होता.

"हे बघ," शेवटी तो म्हणाला, "चेनला लॉक असतंय. ते काढलं की चेन उघडती, आत घालायची, परत लॉक. पण ह्यो पट्टा म्हंजे सलग कडं हाय. कुठंच सांधा न्हाई. आनि सायकलीची मागली फ्रेम बी बंद, तिकोनी. मग ह्यो पट्टा फ्रेमच्या आत गेला कसा?"

"गेला आसंल कसातरी."

"कसातरी कसा?" बाळासोने फडताळातली एक हिरवी बांगडी घेतली आणि चहाचा कप पुढे ओढला. "ही बांगडी ह्या कपाच्या कानात अडकवून दाखव. कान बी बंद, बांगडी बी बंद."

राजेश्वरीने बांगडीकडे पाहिले, कपाकडे पाहिले. "बांगडी फोडायची."

"न फोडता."

"मग कान फोडायचा."

बाळासो पोट धरून हसला. "अगं, एवढी लाखाची सायकल कंपनी फोडून इकंल व्हय? डोस्कं चालीव जरा!"

"माजं डोस्कं हाय तेवढं बास हाय," राजेश्वरी कप उचलत म्हणाली. "मोबाईलवर बघा की. समदं दिसतंय त्यात."

"मोबाईलवर न्हाई. हात लावून बघायचं हाय मला."

एक दिवस दुकान बंद, गाडीचा खर्च, बाहेरचे जेवण, आणि हे सगळे एक पट्टा बघायला! राजेश्वरीला हे पटणे शक्यच नव्हते. पण नवऱ्याचे तोंड तिला पाहवेना. कुल्फी मिळणार नाही असे सांगितलेल्या पोरासारखा तो बसला होता. तिचा जीव थोडा विरघळला आणि तिने मधला मार्ग काढला. तिचे एक तत्त्व होते: एकाच कामासाठी केलेली खेप वाया गेली, तीन कामे झाली की वसूल झाली.

"जावा," ती म्हणाली. "पण येताना गणपती पेठेतनं सहा कप आणा. घरात धड कप ऱ्हायलेलं न्हाईत."

एवढे ठरले असते तरी चालले असते. पण भिंतीपलीकडे भामाआत्ती राहत होत्या, आणि शिराळ्यातल्या भिंती काही फार जाड नसतात.

"सांगलीला निघालाईस म्हणं?" अर्ध्या तासात त्या दारात उभ्या. "वाटंत आष्टा लागतंय. माजी भाची बाळंत झालीया. डिंकाचं लाडू तेवढं देऊन येऊ. मी गाडीतनं उतरणार बी न्हाई."

मग नाथाजी सुभेदार आले. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षे झाली होती, पण मिशा अजून सेवेत होत्या. त्यांच्याकडे जुनी व्हॅन होती. "गाडी माझी, पेट्रोल अर्धं अर्धं. मला पेन्शनच्या कचेरीत हयातीचा दाखला द्यायचाय. पाच मिनटाचं काम. मी जिता हाय एवढंच दाखवायचं."

राजेश्वरीने बोटांवर हिशेब केला. चार कामे झाली आणि पेट्रोलही निम्मे. खेप आता नुसती वसूल नव्हे, फायद्यात होती. बाळासोला मात्र उगाचच धाकधूक वाटू लागली, कारण त्या चार कामांत प्रदर्शन शेवटी पडत होते.

"शुक्रवारी सकाळी सात म्हंजे सात!" सुभेदारांनी बजावले. "टाईम पे निकलना है."

शुक्रवारी टायमावर सुभेदार निघाले, व्हॅन निघाली नाही. बाळासोने ती ढकलत नाक्यापर्यंत नेली, तेव्हा कुठे तिने गुरगुर केली. लाडवांचा डबा मांडीवर घेऊन भामाआत्ती मागे बसल्या होत्या आणि "जोर लाव रं," असे म्हणून त्यांनी आपला वाटा उचलला.

आष्ट्यात नऊ वाजता पोचले. आत्ती खरंच गाडीतून उतरल्या नाहीत. पूर्ण एक मिनिट उतरल्या नाहीत. मग भाचीची सासू बाहेर आली, म्हणाली, "दारात गाडीत बसून ऱ्हातंय व्हय कुणी? आमास्नी काय म्हणतील लोकं?" मग आत्ती उतरल्या, सुभेदार उतरले, बाळासोही उतरला. बाळ पाहिले. बाळ कुणासारखे दिसते यावर चर्चा झाली. बाळासो उठला.

"आमी निघतो आता. सांगलीला पाचला बंद हुतंय."

"निघतो कसं?" भाचीचा सासरा म्हणाला. "कोंबडी कापलीया."

चहा नको म्हणता येतो, नाष्टा झालाय म्हणता येतो, पण आपल्यासाठी कोंबडी कापल्यावर उठून जाणारा माणूस या मुलखात अजून जन्माला यायचा होता. तो गपगुमान खाली बसला. मसाला वाटणे, चूल पेटवणे, रस्सा उकळणे, भाकरी थापणे हे सगळे त्याने घड्याळात बघत बघत अनुभवले. रस्सा फर्मास झाला होता. त्याला वाईट वाटले ते हे की, त्याच्याकडूनही तो दोनदा मागून खाल्ला गेला.

एक वाजून गेल्यावर सांगलीत शिरले. "मला हितंच सोडा," बाळासो म्हणाला. "मी रिक्षानं प्रदर्शनाला जातो. तुमी काम करून या."

"पाच मिनटाचं काम हाय गड्या," सुभेदार म्हणाले. "संगं चल. दोघं आसलं की लवकर हुतंय."

कचेरीत जेवणाची सुट्टी होती. ती संपल्यावर सुभेदारांचा नंबर आला. त्यांनी मिशांना पीळ दिला आणि उजवा अंगठा यंत्रावर ठेवला. यंत्राने लाल दिवा दाखवला. अंगठा पुसून ठेवला, लाल. फुंकर मारून ठेवला, लाल. सहाव्या वेळी कारकून म्हणाला, "काका, यंत्र तुम्हाला ओळखत नाही."

"अरे, मी समोर हुबा हाय! मेला मानूस एवढा मोठ्यानं बोलतोय व्हय?"

"मला दिसतंय हो. यंत्राला दिसत नाही. दुसरा अर्ज भरा, आणि तुम्हाला ओळखणाऱ्या माणसाची सही आणा."

"मी वळकतो," बाळासो घाईने म्हणाला.

"तुम्ही कोण?"

"सायकलवाला."

अर्ज भरायला वीस मिनिटे गेली. सही करता करता बाळासोचे लक्ष सुभेदारांच्या हाताकडे गेले. वैतागलेले सुभेदार डाव्या तळव्यावर तंबाखू घेऊन उजव्या अंगठ्याने ती मळत होते. कुठलाही भाग झिजलेला दिसला की बाळासोचे डोके आपोआप चालू लागे.

"सुभेदार, किती वर्सं मळताय?"

"भरती झालो तवापासनं."

"मग त्या अंगठ्याच्या रेघा ऱ्हातील व्हय? चुन्यानं पार गुळगुळीत झाल्यात त्या. डावा लावा."

डावा अंगठा टेकताच हिरवा दिवा लागला. कारकुनाने अर्ज फाडून टाकला. सुभेदार कायदेशीरपणे जिवंत झाले, तेव्हा सव्वाचार वाजले होते.

तेवढ्यात फोन वाजला. "कप घेतलं का?" राजेश्वरी विचारत होती. "कानाचंच आणा. बिनकानाचं नको. आनि कान ओढून बघा."

गणपती पेठेतली गर्दी, दुकानदाराचा निवांतपणा आणि सहा कपांचे सहा कान ओढून बघणे, एवढे उरकून व्हॅन प्रदर्शनाच्या मैदानावर पोचली तेव्हा पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. मांडवाची कनात निम्मी उतरली होती.

"संपलं," दारावरचा माणूस म्हणाला.

बाळासो तिथेच उभा राहिला. त्याला राग आला नाही, त्याला नुसते रडू येईल असे वाटले. बावीस वर्षांत दुकान सोडून तो असा स्वतःसाठी कुठे गेला नव्हता. एक गोष्ट त्याला समजून घ्यायची होती. ती कनातीपलीकडे खोक्यात चालली होती, आणि त्याच्या हातात सहा कपांची पेटी होती.

सुभेदारांनी त्याचे तोंड पाहिले. कोंबडी, अंगठा, कप, सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावे. त्यांनी बाळासोच्या हातातली पेटी काढून घेऊन व्हॅनमध्ये आत्तींच्या पायाशी ठेवली, छाती काढली आणि दारावरच्या माणसाला फौजी आवाजात म्हणाले, "सामान उठाने आये हैं! रास्ता छोडो!"

माणूस बाजूला झाला. बाळासो आत सुटला.

मांडवाच्या टोकाला ती सायकल होती. दिवसभर ती उंच चौथऱ्यावर, दोरीच्या आत होती म्हणे. आता जमिनीवर आडवी पडली होती. कंपनीची एक मुलगी घामाघूम होऊन तिचे पायडल काढत होती. छातीवरच्या पट्टीवर नाव होते स्वप्नाली.

"निघंना व्हय?" बाळासोने विचारले. "लय आवळून बसलंय. हात नका लावू, पाय लावा."

त्याने पान्याचा दांडा धरला, टाचेने एकच हिसका दिला. पायडल सुटले.

"तुम्ही मेकॅनिक?"

"शिराळ्यात दुकान हाय. ताई, एक इचारू? ह्यो पट्टा आत गेला कसा?"

स्वप्नालीने हातातला पाना खाली ठेवला. "दोन दिवस झाले," ती म्हणाली. "लोक किंमत विचारतात, सेल्फी घेतात. हे विचारणारे तुम्ही पहिले. आणि सकाळी आला असता तर दाखवताही आलं नसतं. चौथऱ्यावरची सायकल उघडायची नाही असा हुकूम होता."

तिने सायकल उलटी केली, मागच्या चाकापाशी दोन बारीक बोल्ट किल्लीने सैल केले. एक पट्टी निघाली. पट्टीखाली, फ्रेमच्या नळीत, सरळ आरपार फट होती. तिने पट्टा चिमटीत धरला आणि त्या फटीतून अलगद बाहेर काढला.

बाळासो गुडघ्यावर बसला. फटीतून त्याने बोट फिरवले. पट्टा स्वतः आत घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. चार दिवसांचे ओझे उतरल्यासारखे त्याला वाटले, इतका आनंद झाला.

"म्हंजे फ्रेमच कापलीया!"

"हो. पट्टा तोडता येत नाही ना. मग फ्रेम तोडायची आणि जोडून घ्यायची."

बाळासोचे हसू हळूहळू थांबले. कुठेतरी त्याने हे ऐकले होते. एक कप, एक हिरवी बांगडी. मग कान फोडायचा.

"काय झालं?" स्वप्नालीने विचारले.

"काय न्हाई," बाळासो म्हणाला. "घरात एक इंजिनेर हाय, तिची आठवण झाली."

शिराळ्यात पोचल्यावर राजेश्वरीने आधी पेटी उघडली. पाच कप धड होते. सहाव्याच्या कानाचा वरचा तुकडा उडाला होता. खालून तेवढा तो कपाला धरून होता. आत्ती वाटभर पेटीवर पाय ठेवून झोपल्या होत्या.

"एवढं ओढून बघाय सांगितलं!" राजेश्वरी म्हणाली. मग कप बाजूला ठेवून तिने चहाचे आधण चढवले आणि पाठमोरी राहूनच विचारले, "आनि त्यो पट्टा? दिसला का? आत गेला कसा?"

बाळासोने फडताळातली हिरवी बांगडी काढली. फुटका कप समोर घेतला, कानाच्या फटीतून बांगडी आत सरकवली आणि तो कप तिच्यापुढे ठेवला.

राजेश्वरीने कप उचलून कान निरखला.

"हे तर मी त्याच दिवशी सांगितलं हुतं."

"व्हय."

"मग एवढा खर्च करून जायाची काय गरज हुती?"

"तू सांगितलंस ते खरं हाय का न्हाई, ते बघून याया नको व्हय?"

राजेश्वरीला हसू आले, पण तिने ते शेगडीकडे वळवले. बांगडी ती कानातून काढत होती, पुन्हा घालत होती. आधण उकळून उतू जायला आले तरी तिचे लक्ष नव्हते.

"आवं, पण कापलेल्या जागी वजन पडलं की ती फ्रेम वाकत कशी न्हाई?"

हे बाळासोने विचारलेच नव्हते!

"परत कवा भरतंय ते?" राजेश्वरीने गॅस बारीक करत विचारले.

"फुडल्या वर्सी."

"मी बी येती." तिने भिंतीकडे एकदा बघितले आणि आवाज अगदी खाली आणला. "पर यष्टीनं जाऊ. आनि आत्तीस्नी बोलू नका."

भिंतीपलीकडे भांड्यांचा आवाज एकदम थांबला.