देवतळेंची बोट आणि आमचं वजन

देवतळेजी कुणाच्याही घरी गेले की खुर्चीवर सरळ बसत नाहीत. आधी दोन्ही तळहात टेकवून ती दाबतात, मग अर्धे बसतात, जरा डुलतात, आणि खुर्ची कुरकुरली नाही तर उरलेले अर्धे बसतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या नव्या सोफ्याची त्यांनी अशी काही तपासणी केली, की मला वाटलं ते तो विकत घ्यायला आले आहेत.

"राग मानू नका, वहिनी," ते म्हणाले. "लोड टेस्ट केल्याशिवाय मी काईच खरं मानत नाई."

ईशान, रेवा, तुम्ही मागे भिलाईला आलात तेव्हा ते बंगळूरला लेकीकडे गेले होते, म्हणून तुमची भेट झाली नाही. नेहरू नगरात आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. सगळी नोकरी प्लँटमध्ये, क्रेनच्या देखभालीत गेली. वितळलेलं पोलाद भरलेली बादली डोक्यावरून जाते, आणि ती बादली ज्या आकड्याला लटकते त्याची जबाबदारी यांच्यावर. अशा माणसाने सगळं दाबून बघितलं तर नवल नाही. पण निवृत्तीनंतर क्रेन राहिल्या तिकडे आणि सवय आली घरी. झोपाळा टांगला तर त्यावर आधी बटाट्यांची पोती बसली. पुतण्याच्या लग्नात नवरदेवाच्या आधी हे स्टेजवर चढले आणि चारी कोपऱ्यांत उड्या मारून आले. अल्बममधला पहिला फोटो त्यांचाच आहे. लेकीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी अंगणातलं पाण्याने भरलेलं पिंप सरकवायला लावलं होतं. त्याने न विचारता सरकवलं. तोच जावई.

लेकीचं नाव पल्लवी. कुसुमताई, म्हणजे तिची आई, गेल्यापासून तिचा रोज संध्याकाळी फोन येतो. देवतळेजी फोन स्पीकरवर ठेवून बोलतात, त्यामुळे सगळ्या लेनला तो पाठ आहे.

"बाबा, आज कोण आलं होतं?"

"येतात ना लोक."

"कोण लोक?"

"आता एकेकाचं नाव सांगू का तुले?"

"बाबा, तुमाले रात्री काही झालं तर तिकडं तुमचं आहे कोण?"

यावर ते म्हणायचे, "सब ठीक आहे," आणि फोन ठेवून पुष्कळ वेळ झोपाळ्यावर बसायचे.

असं चाललेलं असताना एके सकाळी लेनमध्ये बोट आली. समुद्र इथून कितीतरी लांब, आणि आमच्या लेनमध्ये चक्क बोट. कुठल्याशा धरणावरची जुनी, निळी, फायबरची, दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवलेली. बाजूवरचं नाव खरवडून गेलेलं, फक्त शेवटचं 'परी' उरलेलं. जीपवाला ती फाटकासमोर सोडून निघून गेला. समोरचे साहूजी, ज्यांचं किराणा दुकान आहे, मंजन करता करताच बाहेर आले.

"भाई साहब, बाढ़ आने वाली है क्या?"

"साहूजी, सारी जिंदगी गरम लोहे के पास निकली," देवतळेजी म्हणाले. "अब थोड़ा पानी में बैठेंगे. तांदुळा डॅम जाएंगे, सब लोग."

पण तांदुळा राहिलं दूर, बोट त्यांच्याच गॅरेजमध्ये जाईना. ते गॅरेज बांधलं तेव्हाच्या छोट्या मोटारीच्या मापाचं. आतलं छत बरं उंच आहे, पण दारावर शटरची गुंडाळी, आणि तिच्याही खाली बीम. बोट नेमकी तिथे अडायची. ट्रेलरचं तोंड खाली दाबलं की बोटीचं शेपूट वर, शेपूट दाबलं की नाक वर. चाकांतली हवा काढली, तरी दोन बोटांची उंची जास्तच उरली. बीम जरासा छिलावा असं तुमच्या आबांनी सुचवलं, तर देवतळेजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की आबा दोन पावलं मागे सरकले. "बीम म्हणजे घराची कंबर आहे, भाऊ. तुमची कोणी छिलली तर चालंन का?"

बोट रस्त्यावरच राहिली. दुधाची गाडी अडली, शाळेची बस अडली. कॉलनीच्या समितीने सभ्य भाषेत कळवलं की नौका फाटकाच्या आत घ्यावी. कुणीतरी फोटो काढून पल्लवीला पाठवला, आणि पल्लवी पुढच्याच विमानाने हजर.

ती बापाचीच मुलगी. चहा पिण्याआधी तिने जवळच्या जामुलचा एक ढाबेवाला शोधून काढला. त्याला बोट हवी होती. ढाब्यासमोर ठेवून, आत टेबल टाकून तो लोकांना चाऊमीन खिलवणार होता. ते ऐकून देवतळेजींचा चेहरा असा झाला, जणू कुणी म्हटलं की तुमचा झोपाळा आम्ही सरपणाला नेतो.

फाटकाशी बापलेकीचं बोलणं झालं, आणि आमच्या लेनच्या पद्धतीने ते सर्वांनी ऐकलं.

"मी भांडून नाई राहिली, बाबा. रविवारी बोट गॅरेजमध्ये गेली तर राहा तुम्ही इथं, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही गेली, तर बोट ढाब्यावर अन् तुम्ही माझ्यासोबत. हे घर भाड्यानं देऊ."

"मंजूर," देवतळेजी म्हणाले. मला वाटलं होतं ते वाद घालतील. फाटकाची कडी त्यांनी दोनदा लावली आणि आत गेले.

रविवारी सकाळी ते घरोघर फिरले. "लोड पाहिजे," एवढंच सांगितलं. ट्रेलरखाली स्प्रिंगांचे पाटे असतात. वर वजन आलं की ते दबतात आणि सगळी बोट सरळ खाली बसते, नाकासकट आणि शेपटासकट. बोटीत माणसं भरायची, त्यांनी माना खाली घालायच्या, बाकीच्यांनी ढकलायचं, आणि आत गेल्यावर माणसांनी उतरायचं. आबा म्हणाले, "अहो, जामुलमध्ये सिमेंटचा कारखाना आहे ना, बोऱ्या आणा."

"अन् आत गेल्यावर त्या बोऱ्या उतरवंन कोण? मानसं आपली आपण उतरतात."

माणसं निवडण्याचा कार्यक्रम फाटकासमोर झाला. वजनाचा काटा नव्हताच. नजरेने तोलत त्यांनी एकेकाला जागा दिली, जणू क्रेनवर माल चढवताहेत. आबांकडे पाहून खूश झाले: "वा! तुम्ही मधात बसा." साहू भाभींपाशी येऊन त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात भाभी कडाडल्या, "खबरदार भाई साहब! वजन बोले तो घर वापस!"

"मैं तो बस बोल रहा था, आप पीछे बैठिए."

"पीछे ही क्यों?"

यावर साहूजींना खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.

मला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नाराजीने मान हलवली. "वहिनी, तुमचं वजन काई कामाचं नाई. तुम्ही शिटी धरा." म्हणून मी शिटी आणि हिरवा रुमाल घेऊन शटरच्या बाजूला उभी राहिले. आयुष्यात मला कुणी इतक्या स्पष्टपणे निरुपयोगी ठरवलं नव्हतं, आणि त्याचा मला इतका आनंदही कधी झाला नव्हता.

लेन भरून माणसं आली होती. काहींना मी आजवर फक्त स्कूटरवर पाहिलं होतं. कुणी पुण्याचं काम म्हणून आलं, कुणी गंमत म्हणून, एक बाई कणकेचे हात धुवायला विसरून आल्या. बोटीत सगळे दाटीवाटीने बसले आणि ट्रेलर कण्हत खाली गेला. देवतळेजी गुडघ्यांवर बसून बीम आणि बोट यांच्यामधली फट पाहत होते. पल्लवी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती.

"मुंडी खाली!" देवतळेजी ओरडले. मी शिटी फुंकली. साहूजी आणि इतर बारीक माणसांनी जोर लावला. नाक दाराशी आलं, जरा आत शिरलं, आणि बोटीची वरची कड करर्र करून बीमला लागली.

"थांबा!"

बोटभर नाही, करंगळीच्या नखाएवढं कमी पडत होतं. बोटीतून आबांचा गुदमरलेला आवाज आला, "लवकर करा, माझ्या पाठीवर कोण आहे?" भाभी खिदळायला लागल्या, त्या हसल्या की सगळी बोट हलायची आणि फट कमीजास्त व्हायची. देवतळेजींनी इकडेतिकडे पाहिलं. ढकलणाऱ्यांपैकी कुणाला आत घेतलं तर ढकलणार कोण? माझं वजन तर आधीच बाद झालेलं. रिकामी फक्त एक व्यक्ती उरली होती, आणि तिला बोट आत जायला नकोच होती. त्यांनी तिला विचारलं नाही. ते नुसते जमिनीकडे पाहत राहिले.

पल्लवी त्या बोटीकडे बघत होती. आत सगळी लेन माना खाली घालून, एकमेकांच्या पाठीवर डोकी ठेवून पडली होती. तिच्या बापाला राहू द्यावं म्हणून कुणी तोंडाने काही बोललं नव्हतं. तिने माझ्या हातात मोबाइल दिला, चपला काढल्या आणि चढली.

"सरका ना जरा, काका," ती आबांना म्हणाली.

ट्रेलर पुन्हा एकदा कण्हत खाली गेला. मी शिटी फुंकायलाच विसरले. बोट सुळकन आत गेली.

पल्लवी दोन दिवसांनी बंगळूरला परतली. ढाबेवाल्याला तिनेच फोन केला, आणि जाताना साहू भाभींचा, माझा, कणकेवाल्या बाईंचा, सगळ्यांचे नंबर घेऊन गेली. आता दर महिन्याच्या एका रविवारी सगळी लेन बोटीत बसते, बोट बाहेर निघते, आम्ही तांदुळ्याला जातो, पाण्यात दोन चकरा मारतो, डबे खातो, आणि परत येऊन पुन्हा माना खाली घालून बोट आत ठेवतो.

पण हा सगळा खटाटोप माझ्या डोक्याला पटेना. एका दुपारी मी कागदावर नीट आकृती काढली. ट्रेलरला लहान चाकं लावली तर सगळी बोट आपोआप खाली येईल आणि एकटा माणूस ती आतबाहेर करू शकेल. हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या कारखान्यात हे काम सहज होईल. कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेले. ते गॅरेजमध्ये बोट पुसत होते. मी आकृती समजावली. त्यांनी ती लक्ष देऊन पाहिली, अगदी बारकाईने.

"बरोबर आहे, वहिनी. पण हा बोल्ट थोडा मोठा लागंन," ते म्हणाले, आणि सवयीने कोपऱ्याकडे पाहिलं.

मीही पाहिलं. कोपऱ्यात ताडपत्रीखालून दोन लहान चाकं डोकावत होती. नवीकोरी, रंग दिलेली, बोल्टांसकट. माझ्या आकृतीपेक्षा सुबक.

"कधी आणलीत?"

"बोटीच्या आधी." ते पुसतच राहिले. "पल्लवी रोज इचारे, तिकडं तुमचं कोण आहे. फोनवर नावं सांगून पटते का कोणाले? अन् खरं सांगू, मलेच माहीत नव्हतं."

मी एका चाकावरून हात फिरवला. मग विचारलं, "आणि त्या रविवारी कुणी आलंच नसतं तर? तेव्हा ही चाकं लावली असती ना?"

"नाई जी," देवतळेजी म्हणाले. "मंग पोरीचं बरोबर होतं. गेलो असतो."

तेवढ्यात फाटक वाजलं आणि साहू भाभींचा आवाज आला, "भाई साहब! इस बार कब बैठना है? मेरी बहन भी आई है दुर्ग से, अच्छी वजनदार है!"

मला कुठलीही वस्तू अर्धवट झाकलेली आवडत नाही. मी कोपऱ्यात गेले, ताडपत्री दोन्ही चाकांवर नीट ओढली, तिच्या कडा आत खोचल्या, माझी आकृती घडी करून पर्समध्ये टाकली, आणि ओरडून सांगितलं, "या भाभी, आत या. बहिणीलाही आणा!"