चित्रात न आढळणारे बांधकाम

आमचे हे तिकिटं जमवतात. टपालाची तिकिटं आणि चित्रांची पोस्टकार्डं, पण तीही सरसकट नाहीत. फुलं, पक्षी, पुढारी आणि खेळाडू यांना आमच्या घरात मज्जाव आहे. फक्त देशाचा वारसा चालतो: घुमट, पूल, मनोरे, दीपस्तंभ. हा वारसा लोखंडी कपाटात राहतो आणि माझे कपडे कॉटखालच्या ट्रंकेत राहतात. वारशाला हात लावायचा नसतो. त्याला चिमट्याने उचलायचं, भिंगातून बघायचं आणि श्वास रोखून परत ठेवायचं. मला इतक्या जपून कुणी कधी उचललेलं नाही, पण तो विषय वेगळा.

मी निवृत्त होईपर्यंत एका सरकारी कचेरीत टंकलेखिका होते. त्यामुळे पुढे जे घडलं ते मी शक्यतो कार्यालयीन शिस्तीत, कुणाच्याही बापाचा उद्धार न करता सांगणार आहे. जमेल तितकं.

तर यांनी वारसा जमवला, पण तो पाहायला हे कधी गेले नाहीत. एकदाच मी हट्ट धरून यांना एका नावाजलेल्या दीपस्तंभापाशी नेलं. यांनी खिशातून पोस्टकार्ड काढलं, एक डोळा मिटला, कार्ड समोर धरलं आणि नाक मुरडलं. "रंग उतरलाय याचा. आणि समुद्र किती मळका ठेवलाय या लोकांनी!" त्यानंतर हे बाकावर बसून कार्डावरचा दीपस्तंभ बघत राहिले. मी एकटीच जिना चढून वर जाऊन आले.

एवढं सगळं जमवूनही यांच्या जिवाला एक घोर होता. तो म्हणजे आमच्या गावाची जुनी वेस. भलीमोठी दगडी कमान आणि दोन अंगांना दोन बुरूज. आमचं घर वेशीच्या डाव्या बुरुजाला टेकून होतं. यांच्या पणजोबांकडे वेशीवर दिवे लावायचं काम होतं, तेव्हा राहायला म्हणून मिळालेल्या त्या दोन खोल्या. स्वयंपाकघराची भिंत आणि बुरुजाची भिंत पाठीला पाठ लावून उभ्या. कपडे वाळत घालायची दोरी आमच्या खिडकीपासून कमानीतल्या कडीपर्यंत. घरची लक्तरं वेशीवर टांगली गेली म्हणून लोक गळा काढतात. आमची रोज टांगलेली असत, फक्त धुतलेली असत.

एवढी थोर वेस, आणि तिच्यावर तिकीट नाही! "त्या फडतूस पुलावर तिकीट निघालं, आणि आपल्या वेशीवर नाही," असं हे जेवताना म्हणत आणि घास हातातच राही. शेवटी यांनी टपाल खात्याच्या तिकीट निवड समितीकडे अर्ज करायला घेतले. टंकलेखन अर्थात माझं. समितीचे सभासद निवृत्त झाले, नवे आले, तेही निवृत्त झाले, पण यांचे अर्ज सुरूच. अखेर समितीनेच हात टेकले आणि वेस मंजूर झाली. ती बातमी ऐकून हे घरभर नाचले. घर लहान असल्यामुळे नाच लवकर संपला.

खात्याचा चित्रकार आला. त्याने रस्त्यापलीकडे स्टूल टाकलं, बराच वेळ वेशीकडे पाहिलं आणि मान वाकडी केली.

"काका, हे घर मध्ये येतंय हो."

"कुठलं घर?"

"हेच. तो पत्रा, ते पिंप, ती दोरी, आणि..." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दोरीवर ओली चादर टाकत होते.

"अहो, मग वगळा की!" हे म्हणाले.

"पण तिथे ते आहे ना."

"असेना का! तिकिटावर कशाला हवंय? तिथे आभाळ घ्या. निळं, मोकळं. एखादा ढग टाका."

चित्रकार भला होता. तो जरा घुटमळला. पण खात्याच्या नियमाप्रमाणे चित्राखाली स्थानिक जाणकाराची सही लागत होती: 'चित्र वस्तुस्थितीशी तंतोतंत जुळते.' यांनी ठेवणीतलं शाईचं पेन काढून झोकात सही केली. मी सगळ्यांना चहा दिला. तो चहा त्याच वगळलेल्या स्वयंपाकघरात केला होता.

तिकिटाचं प्रकाशन थाटात झालं. सोबत त्याच चित्राचं पोस्टकार्डही निघालं. प्रमुख पाहुणे वेशीकडे पाठ करून वेशीच्या भव्यतेवर बोलले. यांना व्यासपीठावर खुर्ची मिळाली आणि यांचे डोळे भरून आले. घरी आल्यावर मी भिंग घेऊन तिकीट पाहिलं. कमान होती, दोन्ही बुरूज होते, आणि माझ्या शेगडीच्या जागी एक गुबगुबीत ढग होता.

"अहो, यात आपण कुठे आहोत?"

"अगं, कलावंताला तेवढं स्वातंत्र्य द्यावं लागतं. तो ढग बघ, काय सुरेख उतरलाय!"

पोस्टकार्ड गाजलं. लांबलांबून माणसं कार्ड हातात घेऊन येऊ लागली. रस्त्यापलीकडे उभी राहत, एक डोळा मिटत, कार्ड समोर धरत, आणि जुळलं नाही की कपाळाला आठ्या घालत. "मावशी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय." मी बाजूला होत असे. "आणि ती दोरी?" मी दोरी सोडत असे. मग ती मंडळी आमच्या पत्र्याकडे बघत आणि निघून जात. सगळी सभ्य माणसं. त्यांनी मला तोंडावर एक शब्द न बोलता सरळ वारसा कार्यालयात तक्रारी केल्या. तक्रारींचा मथितार्थ असा, की आम्ही कार्ड पाहून विश्वासाने आलो, तर प्रत्यक्षात तिथे कुणीतरी राहतं.

मग वारसा निरीक्षक आले. त्यांनीही आधी डोळा मिटून कार्ड धरलं.

"बाई, हे बांधकाम कधीचं?"

"तुमच्या कार्यालयाच्या आधीचं."

"चित्रात दिसत नाही."

"चित्र यंदाचं आहे. घर पणजोबांच्या वेळचं आहे."

"मी तेच म्हणतोय," निरीक्षक शांतपणे म्हणाले. "यंदाच्या चित्रात घर नाही. चित्र सरकारी आहे, म्हणजे ते काढलं तेव्हा घर नव्हतं. आज मात्र आहे. सबब ते चित्रानंतर बांधलं. हे ताजं अतिक्रमण आहे."

मी तोंडात बोटं घातली. उभ्या नोकरीत इतका बिनतोड मसुदा माझ्या हाताखालून गेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात आमचा नेहमीचा पोस्टमन दारात येऊन उभा राहिला. एरवी हक्काने चहा मागणारा, पण आज पाय घासत होता.

"काकू, तुमची नोटीस आलीय. पण देता येत नाही. तुमचा पत्ता रद्द झालाय."

"अरे, मग तू आत्ता उभा कुठे आहेस?"

"तसं बघितलं तर... आभाळात," तो ओशाळून म्हणाला.

'असा पत्ता अस्तित्वात नाही' असा शेरा मारून त्याने नोटीस परत पाठवली. मुदतीत उत्तर न दिल्याबद्दल आमच्यावर दुसरी निघाली. तीही परत नेण्याआधी त्याने बिचाऱ्याने मोठ्याने वाचून दाखवली, म्हणून निदान सुनावणीची तारीख तरी कळली.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या खुर्चीमागे आमच्या वेशीचं तिकीट दाराएवढं मोठं करून लावलं होतं. "बसा," साहेब म्हणाले. "चित्रात न आढळणाऱ्या बांधकामातले रहिवासी तुम्हीच ना?"

"साहेब, चूक तिकिटात आहे," मी म्हणाले. "तिकीट बदला."

"बाई, तिकिटं लाखांनी छापलीत. घर एकच आहे. दुरुस्ती कुठे करणं सोयीचं, तुम्हीच सांगा." मग त्यांचा आवाज जरा मऊ झाला. "हे बघा, मला कुणाचं छप्पर काढायची हौस नाही. चित्राखाली तुमच्या यजमानांची सही आहे. चित्र चुकलंय असं त्यांनी आत्ता सांगितलं, तर खातं तिकीट मागे घेईल. घर वाचेल. बोला."

माझ्या जिवात जीव आला. एक वाक्य बोलायचं होतं, तेही खरं. मी यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीकडे पाहत होते.

"मागे घेतलं, म्हणजे तिकीट वारशाच्या मालिकेतून जाणार?" यांनी विचारलं.

"जाणार."

"वेस पुन्हा तिकिटाविना?"

"अर्थात."

"अहो!" मी यांची बाही ओढली. "घर! आपलं घर!"

यांनी कपाळावरचा घाम पुसला. "छपाई निर्दोष आहे," हे हळूच म्हणाले.

त्या क्षणी यांना चिमट्यात धरून खिडकीबाहेर सोडून द्यावं असं मला वाटलं. संताप होताच, आणि त्याहून जास्त रडू येत होतं. साहेबांनी माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि कागदावर शिक्का मारला.

मजूर आले. यांनी आधी कपाट बाहेर काढलं, मग मला. पत्रा उतरला, पिंप हललं, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर पहिली पहार बसली. भिंत गेली तेव्हा एक गोष्ट उघडकीला आली, जी इतक्या पिढ्यांत आमच्याही ध्यानात आली नव्हती. आमचं घर वेशीला टेकलेलं नव्हतं. वेस आमच्या घराला टेकली होती. डावा बुरूज कुरकुरला, मजूर ओरडत लांब पळाले, आणि मग कमानीसकट सगळी वेस आपल्या सवडीने खाली बसली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, हे नशीब.

वारसा कार्यालयाची तातडीची बैठक झाली. निर्णय एकमताने झाला. तिकिटावर वेस आहे, सबब वेस आहे. जमिनीवर पडलेले दगड मात्र चित्रात कुठेच दिसत नव्हते, म्हणून ते अतिक्रमण ठरवून उचलून नेले. जागा झाडून लख्ख केली. रस्त्यापलीकडे कठडा बांधून कुठे उभं राहायचं त्या पावलांच्या खुणा रंगवल्या. आता माणसं येतात, पावलांवर पावलं ठेवतात, एक डोळा मिटून कार्ड समोर धरतात. कार्डावर कमान आणि कार्डाभोवती खरं निळं आभाळ. निरीक्षक स्वतः येऊन पाहून गेले. "आता कसं तंतोतंत जुळलं," ते म्हणाले. तेव्हापासून एकही तक्रार आलेली नाही.

आम्ही पोस्टासमोर एका भाड्याच्या खोलीत राहतो. हे फारसं बोलत नाहीत. मीही बोलत नव्हते. एका दुपारी यांनी कपाट उघडलं आणि वेशीचं तिकीट बाहेर काढलं. चक्क हाताने! मला वाटलं, यांना बरं नाही. यांनी डोळ्याला भिंग लावलं, पेन्सिलीला बारीक टोक केलं आणि त्या ढगावर काहीतरी गिरवायला लागले. कोऱ्या तिकिटावर रेघ ओढणारा माणूस यांच्या मते माणसातच जमा नव्हता. मी वाकून पाहिलं. पत्रा होता, पिंप होतं, दोरी होती, आणि दोरीपाशी मुंगीएवढा एक ठिपका.

"हे काय?"

"तू," हे म्हणाले. "चादर टाकतेयस." आणि यांच्या भिंगावर टपकन पाणी पडलं.

माझा निम्मा राग तिथेच गेला. निम्मा मी राखून ठेवलाय, संसारात लागतो. तेच तिकीट मी एका पोस्टकार्डावर चिकटवलं, आमचा पत्ता आम्हाला परत मिळावा अशी वारसा कार्यालयाला विनंती लिहिली आणि कार्ड समोरच्या पेटीत टाकलं. पोस्टमन ते कार्ड परत घेऊन आला. त्यावर लाल शाईत शेरा होता: 'तिकीट बनावट. चित्र वस्तुस्थितीशी जुळत नाही.'

वेशीचं ते पोस्टकार्ड तुमच्याकडेही असेल. आरशाच्या चौकटीत खोचलेलं, नाहीतर फ्रीजच्या दाराला लावलेलं. काढून बघा एकदा. डावीकडे निळं आभाळ आहे, त्यात एक ढग आहे. आणि आणखी थोडा ताण देऊन आठवा, तुम्हीही तिथे येऊन गेलात. मी दारात उभी होते, हातात ओली चादर होती, आणि तुम्ही अगदी गोड आवाजात म्हणाला होतात, "मावशी, जरा बाजूला होता का?"

मी झाले. फोटो चांगला आला ना?