टिपणिसांची बर्फाची वाट

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी माझी बायको सुमती गेली. रविवारी टिपणीस बर्फाचे बूट घेऊन वर आले.

बूट म्हणायचे एवढंच. वेताची लांबट चौकट, आत मेण लावलेल्या सुतळीची वीण, मध्ये पाय अडकवायला चामड्याचे पट्टे. दुरून पाहिलं तर माणूस टेनिसच्या रॅकेटींवर उभा आहे असं वाटावं. बसायचे मुढे विणणाऱ्या एका कारागिराकडून टिपणिसांनी ते करून घेतले होते. एकूण तीन जोड्या. त्या दिवशी बाकीचे शेजारी जेवणाचे डबे घेऊन येत होते. टिपणिसांनी तिन्ही जोड्या दाराशी भिंतीला टेकवून ठेवल्या, पाच मिनिटं बसले आणि जाताना एक वाक्य बोलले. ते वाक्य कळायला आधी टिपणीस कळायला हवेत.

जयपूरला आदर्श नगरात आम्ही वरच्या मजल्यावर राहत होतो, टिपणीस खाली. मी विमा कंपनीतून बदलीवर आलेला. ते मूळचे अलिबागकडचे, एका सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. लग्न केलं नव्हतं. समुद्राकाठी वाढलेला आणि वाळवंटाच्या कडेला नोकरी करणारा हा गृहस्थ एकाच विषयातला जाणकार होता: थंडी सरताना पाहुण्या माणसाने हिमालयात कुठल्या वाटेने चालावं.

जयपुरातली मराठी कुटुंबं रजेत सिमल्याकडे जायची. जाण्याआधी कोणीतरी त्यांना टिपणिसांकडे पाठवायचं. टिपणीस चष्मा काढून पुसायचे आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "उतरायचं कसं, ते आधी बोला. मतलब, चढायला बकरीही चढते."

मग नियम. जायचं ते फेब्रुवारीच्या शेवटी. नवा बर्फ पडायचा थांबत आलेला असतो आणि जुना अजून धरून असतो. उन्हाकडच्या उताराला जायचं नाही, दुपारी तो घसरतो. साडेअकराला पाठ फिरवायची, माथा चार हातांवर असला तरी. आणि नकाशातली वाट धरायची नाही. हे नकाशे काढणारा माणूस सांगत होता. गावातली बाई सरपणाला ज्या वाटेने जाते, ती धरायची. "तिला माथा गाठायचा नसतो," ते म्हणायचे, "घरी येऊन चूल पेटवायची असते."

ही बाई कुठल्या वाटेने जाते हे कळावं म्हणून ते डोंगरातल्या पोस्टमास्तरांना जोडकार्डं पाठवायचे. एका कार्डावर आपले प्रश्न, दुसरं कोरं, उत्तरासाठी. बर्फ घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत? पुलाला कठडा आहे का? चहा मिळतो का? उत्तरं हिंदीत यायची. एका पोस्टमास्तरांनी लिहिलं, 'बर्फ़ बहुत है, चाय नहीं है.' दुसऱ्यांनी उत्तराबरोबर जयपुरी रजईची चौकशी केली. टिपणिसांनी रजई पाठवली.

एकदा बँकेतल्या सान्यांनी त्यांना सहज विचारलं की तुम्ही शेवटचे कधी गेला होतात. टिपणीस दिल्लीच्या वर कधी गेलेच नव्हते. त्यांनी हे जराही न ओशाळता सांगितलं. कारण पहिला नियमच असा होता, की बर्फात पाहुण्याने एकट्याने जायचं नाही. ते एकटे होते. तेव्हा प्रश्नच मिटला.

साने घरी जाईपर्यंत हसत होते. मीही हसलो. सुमती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिने टिपणिसांना जिन्यात गाठलं.

"भाऊजी, आपण तिघं जाऊ. मला एकदा बर्फावर चालायचंय."

टिपणीस बरं म्हणाले, खाली गेले आणि दोन वर्षं वाट निवडत बसले.

सुमतीच्या हृदयाची एक झडप नीट काम करत नव्हती. हे आम्ही कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, फार उंच नको, दमवणूक नको. पण जायचं तर लवकर जाऊन या. आणि टिपणीस वाटा नापास करत होते. एका वाटेवरच्या पुलाला कठडा नव्हता. एका पोस्टमास्तरांनी 'रास्ता आसान है' असं लिहिलं होतं; आसान म्हणणाऱ्यावर टिपणिसांचा विश्वास नव्हता. पहिल्या वर्षीचा फेब्रुवारी असाच गेला. मी चिडलो, म्हटलं की आपले आपण जाऊ. सुमती म्हणाली, "निवडू दे रे त्यांना. इतक्या काळजीने आपल्यासाठी कोण काय निवडतं?"

दुसऱ्या वर्षी जानेवारीत बूट तयार झाले आणि टिपणिसांनी सराव ठेवला. बर्फ नसेल तर वाळू, पाय तसाच रुततो, असं त्यांचं म्हणणं. मुरलीपुऱ्याच्या पलीकडे तेव्हा वाळूचे मोकळे उंचवटे होते. तिथे आम्ही तिघं, कानटोप्या घालून, कडक उन्हात, पायांत रॅकेटी बांधून चाललो. सुमतीने साडी खोचली होती. उंटगाडीवाला एक जण गाडी थांबवून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने टिपणिसांना विचारलं, "बाऊजी, पाँव में क्या हो गया?"

"बर्फ़ की तैयारी है," टिपणीस म्हणाले.

त्याने आभाळाकडे पाहिलं, पुन्हा आमच्याकडे पाहिलं आणि उंटाला हाकललं. सुमती वाळूत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

त्याच महिन्यात वाट ठरली. सिमल्याच्या पुढचं एक गाव. नाव सांगत नाही, टिपणिसांना तिथे गर्दी नको आहे. फेब्रुवारीच्या शेवटची तिकिटं काढली. त्याआधीच तो गुरुवार आला.

तर त्या रविवारी जाताना टिपणीस दारात थांबून म्हणाले, "नियमाप्रमाणे अजून दोघं आहोत."

माझ्या मनात एवढंच होतं की आदल्या वर्षी गेलो असतो, तर तिने बर्फ पाहिला असता. कठड्यापायी राहून गेलं. हे त्यांना बोललो नाही. पण वर्षभर जिन्यात भेटले की मान हलवायचो आणि पुढे जायचो.

बूट मात्र दाराशीच होते. रोज दिसायचे. पुढच्या जानेवारीत मी खाली जाऊन रजा टाकतो असं सांगितलं. टिपणिसांनी चष्मा पुसला. किती वेळ पुसत होते ते मी पाहिलं नाही.

गावचे पोस्टमास्तर अंगावर जयपुरी रजई पांघरून बसथांब्यावर आले होते. वाट देवदारांखालून, जवळजवळ सपाट. पन्नासेक पावलांवर एक दगड बर्फातून मोकळा केलेला होता, वर बसायला घोंगडीचा तुकडा. पुढच्या पन्नासावर आणखी एक. तसे दूरपर्यंत.

"आपने जैसा लिखा था," पोस्टमास्तर टिपणिसांना म्हणाले. "पिछले साल भी किया था. बहनजी नहीं आईं?"

टिपणीस वाकून बुटांचे पट्टे आवळू लागले. म्हणून ती गेल्याचं मी सांगितलं.

पोस्टमास्तर परत गेल्यावर मी टिपणिसांना विचारलं, तिचं दुखणं तुम्हाला कोणी सांगितलं?

"मी खालीच राहतो," ते म्हणाले. "पहिल्या वर्षी वहिनी जिन्यात अकराव्या पायरीला थांबायच्या. मग नवव्या." पुढच्या दगडाकडे बघत म्हणाले, "तो बिनकठड्याचा पूल. मी अजून रोज बघतो, नकाशावर. चालला असता."

"नसता चालला," मी म्हणालो.

आम्ही प्रत्येक दगडावर बसलो. दमलं दोघांपैकी कोणीच नव्हतं. साडेअकराला टिपणिसांनी घड्याळ पाहिलं आणि आम्ही पाठ फिरवली.

आजही टिपणीस खाली राहतात, मी वर. जोडकार्डं अजून जातात. दाराशी तीन जोड्या आहेत. दोन बर्फाने काळ्या पडल्या आहेत. तिसरीच्या विणीत मुरलीपुऱ्याची वाळू आहे.