उजव्या डोळ्यात थेंब, डाव्यात मलम

निसर्गाने माणसाला दोन डोळे का दिले, यावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. खरं कारण एकच, तुलना. एका डोळ्यात एक औषध, दुसऱ्यात दुसरं, आणि सरमिसळ होऊ नये म्हणून मधे नाक. हा शोध १९८१ साली ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात लागला.

त्या साली टाकीखात्यातल्या कामगारांचे डोळे लालभडक झाले. टाक्यांच्या झाकणांतून पिवळी वाफ सुटत असे. पण दोहोंचा संबंध जोडणं अशास्त्रीय ठरलं असतं (शिवाय नवी झाकणं महाग होती). म्हणून मॅनेजरसाहेबांनी साथ जाहीर केली आणि कारखान्याचे डॉक्टर दिनानाथ यांच्या अध्यक्षतेखाली तुलना समिती नेमली. सर्वांच्या उजव्या डोळ्यात क्लोरॅम्फेनिकॉलचे थेंब, डाव्यात टेट्रासायक्लिनचं मलम. रजा कुणालाच नाही. रजेने तुलना बिघडते.

पहिल्याच महिन्यात थक्क करणारा निष्कर्ष निघाला. दोन्ही औषधं शनिवार ते गुरुवार निकामी, शुक्रवारी गुणकारी. शुक्रवारी कारखाना बंद असतो, हे समितीच्या ध्यानात आलं होतं. परंतु सुट्टी हे औषध नसल्यामुळे तिला तुलनेत घेता येईना. सबब ठराव झाला की, औषध फक्त शुक्रवारीच घालावं. खर्च एक सप्तमांश, गुण तेवढाच. (डॉक्टरांना बढती मिळाली. मिळायलाच हवी होती.)

नामदेव हा टाकीवरचा कामगार, खाडीकाठच्या गावचा. त्याच्याच भातशेतीवर या टाक्या उभ्या; नोकरी मिळाली ती त्या जमिनीच्या बदल्यात. त्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडायला लागलं, तशी बायको, पुतळा, त्याला हाताला धरून थेट समितीपुढे येऊन उभी राहिली.

"सायेब, सुट्टीला याचा डोला निवलतो. औषद नको, पन चार दिस घरान बसू द्या याला."

"बाई, घरी बसला तर औषधाचा गुण कसा कळणार?" डॉक्टरांनी समजूत घातली.

"आनि आंधला झाला तं कलंल?"

प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्याने उत्तर देण्यात आलं नाही.

दिवाळीला डोळा गेला. समितीने तो ताबडतोब तुलनेतून वगळला. गेलेला डोळा लाल दिसत नाही. त्याला बरा झालेल्यांत धरणं अप्रामाणिकपणाचं झालं असतं. पुढे, एका डोळ्याच्या माणसाने टाकीवर चढणं धोक्याचं, म्हणून केवळ त्याच्या काळजीपोटी नामदेवलाही वगळलं. जमीन गेली तेव्हा नोकरी मिळाली होती. डोळा गेला तेव्हा मलमाची उरलेली ट्यूब मिळाली.

अहवाल गुळगुळीत कागदावर छापला. झाकणं अजून तीच आहेत.

आता खरं सांगा. थेंब सरस की मलम, हे मी अजून सांगितलेलं नाही, आणि तुम्ही मघापासून त्याचीच वाट बघताय.

या, बसा. समितीत एक खुर्ची रिकामी आहे.